यंदाची ढाल

आवक-जावक टेबलाच्या काकूंनी सलग दोन वर्षं 'उत्कृष्ट कर्मचारी'ची ढाल पटकावली. तेव्हा त्यांचं थायरॉइड उधळलेलं होतं. हात थरथरायचे, कपडे सैल व्हायचे, पण दिवसभराच्या टपालाचा फडशा जेवणाच्या सुट्टीआधीच पडायचा. उपचारांनी थायरॉइड पार थंडावलं. मग हॉर्मोनची गोळी सुरू झाली आणि डोस तीनदा कमी-जास्त केल्यावर काकू एकदाच्या ताळ्यावर आल्या.

"रिपोर्ट अगदी नॉर्मल," डॉक्टर म्हणाले.

"कामात ढिलाई," साहेबांनी शेरा मारला.

यंदाची ढाल भांडार विभागातल्या भाऊंना मिळाली. त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं आणि ढाल हातात थरथरत होती. टाळ्या थांबल्यावर काकू त्यांच्याजवळ गेल्या.



"अभिनंदन, भाऊ. उद्याच रक्त तपासून घ्या."