आठवी पुरणपोळी

आठवी पुरणपोळी ताटात पडली आणि अनिशला घाम फुटला. पाठोपाठ तुपाची धार आली. वाढणाऱ्या होत्या मैनाबाई, अपूर्वाच्या आत्या. आईवडिलांच्या माघारी अपूर्वाला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. लग्नाला होकार लागणार होता तो त्यांचाच, आणि तो मागायला अनिश पुण्याहून थेट बालाघाटला आला होता.

गोंदियाहून येताना, बसने राजेगाव ओलांडल्यापासून अपूर्वाने त्याच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. "आत्याले नाही म्हणायचं नाही. बस, इतकाच ध्यान ठेव."

त्यात अनिशच्या घरची शिस्त अशी, की ताटात काही टाकायचं नाही. त्याने ताट स्वच्छ केलं की मैनाबाई स्वयंपाकघरातून हजर. त्यांनी वाढलं की हा पुन्हा स्वच्छ करी. दोघंही इमानेइतबारे आपापल्या कामाला लागले होते.

आठवी अर्धी संपली, तोच आतून तव्याचा आवाज आला आणि अनिशला एकदम हसू फुटलं. सात वर्षं प्रयोगशाळेत तो हेच तर बघत होता. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचा साठा असतो. तो उतरला की साठ्यातलंच एक प्रथिन पेशीच्या आवरणाशी जातं आणि तिथलं दार उघडतं. बाहेरचं कॅल्शियम आत येतं. साठा भरला की दार बंद. म्हणजे ताट रिकामं करकरून दार उघडत होता तो स्वतःच. डॉक्टरेट मिळालेल्या माणसाला हे कळायला आठ पोळ्या लागल्या. त्याने अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली आणि शास्त्रज्ञाच्या रुबाबात मागे सरकून बसला.

नववी पोळी घेऊन आलेल्या मैनाबाईंचा चेहरा उतरला.

"काहून? बिघडली का पोळी?"

अपूर्वाने डोळे मिटून घेतले. झालं, आता हिला कायमचा मुकलो, असं अनिशला वाटलं आणि पोटापेक्षा छातीतच जास्त दुखलं. मग तो घाबरून बोलतच सुटला. साठा, प्रथिन, दार. काही जणांत साठा भरला तरी दार मिटत नाही, मग स्नायू दुबळे पडतात, पेटके येतात, हेही त्याने सांगून टाकलं.

"आत्या, पोळी फार सुंदर आहे. पण माझा साठा भरलाय. दार बंद करा."

मैनाबाई नववी पोळी हातात धरून ऐकत राहिल्या. "मंग हे पहिलेच काहून नाही सांगितलं?"

"अपूर्वा म्हणाली, तुम्हाला नाही म्हणायचं नाही."

मैनाबाईंनी अपूर्वाकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना खालीच बसावं लागलं.

"अन् मले हेच पोरगी म्हणे, पोरगा लाजते, मागणार नाही, ताट रिकामं दिसलं का वाढत जा. आपल्या घरचं पुरण तं सहाव्या पोळीलेच संपलं. तवापासून शेजारच्या पुष्पलताकडून मागून आणून राह्यली मी, जावईबापू."