ओलं गोणपाट

पेटीचं झाकण उघडेना. साहेब सोफ्यावर वाट बघत होते आणि माझा मुलगा घामाघूम झाला होता. जे सिगार पुढे करून तो बढती पक्की करणार होता, ते आतच अडकले होते.

नागपूरचा मे महिना. पेटीतल्या ओलाव्याचा काटा उतरला की सिगार सुकतील म्हणून याचा जीव वरखाली व्हायचा. सकाळी तो चिडचिड करत गेला, म्हणून मी पेटीला ओलं गोणपाट गुंडाळलं. गोंदियाला जन्मभर बिड्या वळल्या. तेंदूची पानं आम्ही अशीच मऊ ठेवायचो. इथं मात्र लाकूड फुगलं.

शेवटी त्यानं स्क्रूड्रायव्हर घालून झाकण फोडलं. सिगार भिजून लिबलिबीत झाले होते.

"हा गाढवपणा कोणाचा?" साहेब हसले.

मुलाची लाज जायला नको, म्हणून मीच दारातून बोलले, "मी कामवाली, साहेब. चुकलं माझं."

वाटलं, आता तरी म्हणेल, ही माझी आई आहे.

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "बाई, चहा ठेवा."

मी चपला घातल्या.

"चाय तूच मांड, योगराज. तुझ्या मायची सुट्टी झाली."