मागून उघडा बेंजो

मी दुसरीपर्यंतच शिकले, पण सूर ओळखायला मला मास्तर लागत नाही. आमच्या मालकांनी हातानं घडवलेला गोल बेंजो पुढून बकरीच्या कातड्यानं मढवलेला, मागून उघडा. आमच्या मेडशी गावात असा दुसरा कोणाकडे नाही. खुंटीवर टांगून तार छेडली की खणखणतो, वाजवणाऱ्याच्या पोटाला टेकला की आवाज मऊ होतो.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझा एकुलता एक इंद्रभान कारंज्याला भीमगीतं गायला गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एसटीनं परतला आणि न जेवताच बेंजो घेऊन बसला.

बेंजो खणखणला. खुंटीवरच्यासारखा.

"पोटाशी धर ना रे. तुह्या बापानं काय भिंतीसाठी बनवला?"

"पोटाशीच हाये, माय."

खरंच होतं. लाकडी कडं त्याच्या सदऱ्यात रुतलं होतं.

मी बेंजो आणि त्याचं पोट यांच्यामधी तळहात घातला. सदऱ्याच्या आत हाताला काहीच लागलं नाही. आवाज लगेच मऊ झाला. हात काढला, तर पुन्हा खणखण.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बोटं चालूच होती.

"हात काढू नको, माय," तो हळूच म्हणाला. "मले भेव लागून राह्यलं."