दारातली सिंहांची जोडी

नंदनवन कॉलनीतल्या आमच्या नव्या फ्लॅटच्या दारात आत्यानं लाकडात कोरलेली चिनी सिंहांची जोडी ठेवली. आत्या म्हणजे माझ्या बाबांची बहीण. बाबा आम्हाला सोडून गेले, ती नाही गेली.

समोरच्या ढोबळे काकूंनी फेंगशुईचा कोर्स केलाय. चप्पल काढता काढताच त्यांनी वाकून पाहिलं.

"काहून वं करुणा, पाहून नाही घेतली का जोडी? नराच्या पंजाखाली चेंडू असते, मादीच्या पंजाखाली पिल्लू. इथं तं दोघांच्याही खाली पिल्लूच आहे. दोन्ही माद्याच आणल्या तू."

"दुकानदारानं बांधून दिल्या, मी दुकानात उघडूनच नाही पाहिल्या," आत्या म्हणाली.

"नर नसला तं घराची राखण कोण करीन? उद्याच बदलून आण."

आत्याचा चेहरा एवढासा झाला. इतक्या हौसेनं आणलेली जोडी ती मुकाट्यानं पेपरात गुंडाळायला लागली. आई नुकतीच हॉस्पिटलमधून ड्युटी करून आली होती. मागच्या वर्षीपर्यंत पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, पण आता आपण वक्तृत्वाची ढाल जिंकून आणलीये. मी आत्याच्या हातातला पेपर काढून घेतला.

"काकू, जोडी बरोबर आहे. राखण आतापर्यंत या दोघींनीच केली. अन् पिल्लं दोन नाहीत, एकच आहे. आई ड्युटीवर गेली की ते आत्याच्या पंजाखाली राहते, आई घरी आली की आईच्या."