आधी तुमची झडती

सिरोंच्याच्या पुलावर कस्टमवाल्यांनी बस थांबवली. चोरट्या सोन्याची खबर होती, आणि गोकुळाबाईचा हात कमरेवरून हटेना. सोनं कुठलं! कमरेला तंबाखूच्या खर्र्याची पुडी होती. खर्रा सोडला म्हणून तिनं सुनेपुढं पोराची शपथ खाल्ली होती. सून रिंकू शेजारीच उभी.

"बाईची झडती बाईच घेईल," अधिकारी मॅडम म्हणाल्या, "पण आधी तुम्ही माझी घ्या. तशी रीत आहे."

गोकुळाबाईनं मासळी चाचपावी तसे त्यांचे खिसे चाचपले. एका खिशाशी बोटं थबकली.

"काई नाई जी!"

मग मॅडमचा हात तिच्या कमरेशी थबकला. त्या पंचांना म्हणाल्या, "लिहा, काही नाही."

गोकुळाबाईचा जीव भांड्यात पडला. बसमध्ये चढताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचा खर्रा कच्चा हाये जी. आणखी घोटा लागते."