सगळ्या येतील

"म्हणजे सगळ्या येतील?" सलिमाने गळ्यातली केशरी शिट्टी उलटसुलट करत पुन्हा तेच विचारलं.

शिबिर घेणारी संस्कृती तिच्याहून वयाने लहान होती, पण कंटाळली नाही. साप दिसला, चक्कर आली, नुसती भीती वाटली तरी वाजवायची, ती म्हणाली. जिला जिला ऐकू जाईल ती येईल. मग तिने इतर बायकांसारखंच सलिमालाही रानात एका झाडाखाली बसवलं. हाक येईपर्यंत इथेच, एकटीने, काही न करता बसायचं, असं सांगून ती निघून गेली.

काही न करता बसणं सलिमाला कुठलं जमायला. तिने ओढणी सारखी केली, पुढ्यातले खडे गोळा केले, ते ओळीने लावले. खाली, लांबवर, महाळुंग्याच्या कारखान्यांची निळी छपरं उन्हात चमकत होती. त्यांच्याही पलीकडच्या धुरकटात कुठेतरी काळेवाडी असणार. तिथल्या तिच्या खोलीची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून होती. इकडे कोणी शिंकलं तरी तिकडे कळायचं. नवरा मारायचा आणि सलिमा ओरडायची, तेव्हा पलीकडे टीव्हीचा आवाज वाढायचा. पुढे पुढे तिने ओरडणंच सोडलं. आता ते घर सुटलं होतं, नवराही सुटला होता, पण गेलेला आवाज काही परत आला नव्हता. रिक्षा थांबवायची तर ती हात करायची, हाक मारायची नाही.

शिट्टी म्हटली की तिला कुकरचीच माहीत. ही तिने हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली. साप नव्हता. चक्कर नव्हती. भीतीही खरं तर रोजच्यापेक्षा कमीच होती. तरी तिने शिट्टी ओठांत धरली, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा श्वास तिच्यात फुंकला.

केवढा तो आवाज. समोरच्या कड्यावर आपटून तो परत आला. झाडातून पाखरं उडाली. मग सगळं गप्प झालं. बघ, सलिमा मनाशी म्हणाली, कोणी नाही.

आणि पाचोळा वाजायला लागला. आधी डावीकडे, मग मागे, मग सगळीकडूनच. पावलं होती, धावत येणारी. अशा पावलांचा सलिमाच्या अंगाला एकच अर्थ ठाऊक होता. तिने गुडघे पोटाशी ओढले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

पावलं जवळ येऊन थांबली. मार पडला नाही. नुसत्या धापा ऐकू येत होत्या, पुष्कळ जणींच्या.

तिने हात जरासे बाजूला केले. खरंच सगळ्या आल्या होत्या. एकीची चप्पल वाटेत राहिली होती, एकीच्या वेणीत काटेरी फांदी लटकत होती. आणि ठकुबाई, खालच्या वाडीतली म्हातारी, जिचा या शिबिराशी चुलीपुरता संबंध, तीसुद्धा पिठाच्या हातात उलथणं घेऊन चढ चढून आली होती.

"काय हाय? कुठं हाय?" उलथणं उगारून तिने विचारलं.

"काही नाही," सलिमा म्हणाली. शब्द जेमतेम बाहेर पडले. "बघत होते. कोणी येतं का ते."

वाकडहून आलेली मोनिका, जी आल्यापासून कोणाशी धड बोलली नव्हती, धावताना पडली होती. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. उगाच वाजवलीत तर खरी गरज पडेल तेव्हा कोणी येणार नाही, असं म्हणून ती लंगडत परत फिरली. सलिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठकुबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आलो न्हवं आमी समद्या?" ती म्हणाली, आणि तव्यावरच्या भाकरीचा पार कोळसा झाला असेल म्हणत घाईने उतरायला लागली. बाकीच्याही आपापल्या झाडाकडे गेल्या. संस्कृती तेवढी जाताना हसली.

सलिमा एकटीच उरली. ओढणीवर पिठाची पाच बोटं उमटली होती. ती तिने झटकली नाही. आजूबाजूच्या पाचोळ्यात वाटा पडल्या होत्या. कुठून कुठून निघालेल्या त्या सगळ्या वाटा तिच्या झाडापाशी येऊन संपत होत्या. इतक्या जणी, माझ्यासाठी. तिचा ऊर भरून आला. तिने मान वर केली आणि आपण बसलो ते झाड किती मोठं आहे, हे तिला आत्ता दिसलं. शेंडा दिसतच नव्हता. ती तोंड उघडं टाकून लहान पोरीसारखी वर बघत राहिली.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने शिट्टी वाजली. अर्धवट, भीत भीत. थांबली. मग पुन्हा, जरा मोठ्याने.

त्या बाजूला मोनिका बसली होती. तिथे काय झालं असेल ते सलिमाला बरोबर ठाऊक होतं. काहीच झालं नसणार.

ती उठली आणि धावली. चपला झाडाखालीच राहिल्या, ओढणी काट्याला लागून टरकली, दगड तळव्यांना टोचले.

"आले, मोनिकाताई," ती ओरडली. कड्याने तिचा आवाज तिलाच परत ऐकवला, तशी ती आणखी मोठ्याने ओरडली. "आले गं, आले."

तिच्या डावीकडे, उजवीकडे, मागे, सगळीकडे पाचोळा वाजत होता.