दोनदा एंटर

विनुताने कॉम्प्युटरच्या पत्र्याचा शेवटचा स्क्रू काढला, तेव्हा तिचे वडील सांबशिव मागे हात बांधून उभे होते. वैद्याने नाडी धरल्यावर घरचे लोक उभे राहतात तसे.

"सांगून टाक आता. दुरुस्त करायचा, की नवीन घ्यायचा? आयुधपूजा तोंडावर आली अहे."

दक्षिण वीथीतल्या दुकानदाराने यंत्र न उघडताच निकाल दिला होता. सत्त्याण्णव साल आहे सार, असली डबडी आता कोण दुरुस्त करतं, पेंटियम घ्या. पण सांबशिवांचा जीव या डबड्यात अडकला होता. ओरत्तनाडूच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर याच यंत्राने त्यांना तंजावरात नाव मिळवून दिलं. पाच मिनिटांत जन्मपत्रिका. दारावर तमिळमध्ये पाटी होती : माणूस चुकेल, यंत्र चुकणार नाही. गेल्या नवरात्रातल्या आयुधपूजेचं गंध मॉनिटरच्या कपाळावर वाळून बसलं होतं आणि ते पुसायची घरात कोणाची छाती नव्हती.

विनुतालाही ते यंत्राला हात लावू देत नसत. तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, पण कोर्स वेगळा आणि धंदा वेगळा, असं त्यांचं म्हणणं. आता पत्रिका छापता छापता यंत्र मध्येच गारठायला लागलं, म्हणून नाइलाज झाला.

"इथे पेंड खातंय घोडं," विनुता म्हणाली. आतल्या हिरव्या पट्टीच्या कोपऱ्यात करंगळीएवढा एक सेल फुटून गळला होता आणि भोवती मोरचुदासारखा गंज साचला होता. "पुसून नवा सेल घातला, की चालेल. भाजीच्या पैशांत काम होईल."

"अगं, ऐकलंस का? जगला!" सांबशिव स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. आतून त्यांच्या बायकोने, चंद्रमतीने, तिथल्या देवाला हात जोडले असावेत, कारण बांगड्या वाजल्या.

विनुताने गंज पुसला आणि बटण दाबलं. पडदा उजळला. नेहमीसारखी तारखेची एक ओळ आली आणि थांबली.

"दोनदा एंटर मार," सांबशिव मागून म्हणाले. "विकणाऱ्याने तसंच शिकवलंय. रोज तेच करतो मी."

विनुताचा हात तसाच राहिला.

"अप्पा, ही तारीख कधी वाचलीत का?"

"ती कंपनीची. यंत्र बनवलं तेव्हाची. पत्रिकेच्या खालीही छापून येते."

"कंपनीची नाही. एक जानेवारी ऐंशी. सेल मेला, की हा सगळं विसरतो. रोज सकाळी ह्याला वाटतं, ऐंशी साल उजाडलं. मणून तो विचारतो, आजची तारीख काय, वेळ काय? आणि तुम्ही एंटर मारता. मणजे, हो, तीच."

"कधीपासून?"

"एवढा गंज साचायला दोन वर्षं तरी लागतील."

सांबशिव क्षणभर गोंधळले, मग सावरले. त्यात काय मोठंसं? जन्मतारीख तर ते स्वतः घालत होते. ग्रह जन्मवेळेचे, ते कसे चुकतील? आणि मग एकदम त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"चालू दशा," ते म्हणाले.

चालू दशा यंत्र आजच्या तारखेवरून काढत होतं.

विनुताने दोनदा एंटर मारलं आणि स्वतःची जन्मतारीख घातली. पडद्यावर आलं : चालू दशा, राहू. ही ओळ सांबशिवांना पाठ होती. गेल्या वर्षी पापनाशमहून शिवराजच्या घरचे विनुताला पाहायला आले, तेव्हा सांबशिवांनीच ती मोठ्याने वाचून दाखवली होती. राहूत लग्न नको, थांबा, म्हणाले होते. काळ्या दगडावरची रेघ! त्या दिवशी सांबशिव बोलले, चंद्रमती बोलली, मुलाचे वडील बोलले. विनुता कॉफीचे रिकामे टंबलर उचलत होती; तिला कोणी काही विचारलं नाही. रात्री ती जेवली नाही. पित्त झालं असेल, असं चंद्रमती म्हणाली. शिवराजचं लग्न चार महिन्यांत दुसरीकडे झालं.

विनुताने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. या वेळी आजची तारीख घातली, मग पुन्हा तीच जन्मतारीख.

चालू दशा, गुरू.

लग्नाला याहून चांगली दशा नाही, हे सांबशिव स्वतःच लोकांना सांगत आले होते. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. दोन वर्षं. ओरत्तनाडूच्या मुली, पापनाशमच्या मुली, या ओट्यावर बसून गेलेले सगळे आईबाप. कोणाला थांबवलं, कोणाला घाईने उभं केलं, आठवू म्हटलं तरी आठवेना. डोळ्यांपुढे एकच चेहरा येत होता आणि तो समोर पाठमोरा बसला होता.

"अय्यो," ते इतकंच म्हणाले. मग घाईघाईने, जणू घराला आग लागली होती, "नवीन घेऊ. आजच. हा नको घरात. हा भंगारात टाक."

"बरं झालं," आतून चंद्रमती म्हणाली. तिला यातलं काहीच कळलं नव्हतं. "पूजेला नवा येईल."

विनुता पत्रा जागेवर बसवून एकेक स्क्रू आवळत होती. तिने मान वर केली नाही.

"नव्यात सगळं आपोआप असतं, अप्पा. तो काही विचारणार नाही," ती म्हणाली. "हा तरी रोज विचारत होता."